तात्यांच्या खुब्यातला साक्षीदार

भंतेजी, काकू, प्रवीणदादा, निरवांगीतली सगळी वडीलधारी मंडळी, आणि लोणी देवकरहून सुट्टी टाकून आलेले आमचे कंपनीतले सगळे,

मला बोलता येत नाही. हे नम्रतेनं म्हणत नाही, खरंच येत नाही. म्हणून पानं लिहून आणली आहेत. काल तीनदा लिहिली. मध्येच आवाज गेला तर मी थांबेन. तुम्हीही जरा थांबा.

आत्ता भंतेजींनी जलदान केलं. तांब्यातलं पाणी वाटीत पडलं, वाटी भरली, मग पाणी खालच्या ताटलीत सांडलं. तुम्ही सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले होते, पण माझं लक्ष ताटलीकडे होतं. पाणी पसरतंय की थेंब धरून बसतंय, हे मी बघत होतो. ही सवय मला दशरथ तात्यांनी लावली. आता ती जाणार नाही.

माझ्या आधी जे बोलले, ते तात्यांबद्दल चांगलं बोलले. ते सगळं खरं आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. मी जे सांगणार आहे, ते सांगायची अट मला काकूंनी घातली आहे.

फोटोसमोर, मेणबत्तीच्या उजव्या बाजूला, पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक वस्तू आहे. ती काय आहे हे काहींना माहीत आहे. उद्या सकाळी मळ्यात पिंपळाचं रोप लावायचं आहे, त्याच्या खड्ड्यात तात्यांच्या रक्षेबरोबर ती जाणार आहे. मला ती हवी आहे. आज सकाळी मी काकूंकडे मागितली. काकू म्हणाल्या, "कशाला?" मी म्हणालो, कारण चांगलं नाही, काकू. त्या मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगू नको. आदी चारचौघांत सांग. मग माग."

म्हणून उभा आहे.

मी कऱ्हाटीचा. आमच्याकडे आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि मी अकरावीत शाळा सोडून कंपनीत लागलो. तात्यांनी मला नावानं हाक कधी मारली नाही. "ए कऱ्हाटी," एवढंच. नवीन साहेब लोकांना वाटायचं, माझं आडनावच ते आहे. सकाळी गेटवर तात्या म्हणायचे, जय भीम. मी म्हणायचो, राम राम. सात वर्षं असंच. दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला दुरुस्त केलं नाही.

गावातल्या मंडळींना आमचं काम थोडं सांगावं लागेल, कारण तात्या घरी कामाचं काही बोलत नव्हते, असं काकू म्हणतात. आमच्याकडे टायटॅनियम नावाच्या धातूच्या दांड्या बनतात. माणूस पडला, खुब्याचा गोळा मोडला, की डॉक्टर तो गोळा काढतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत ही दांडी ठोकून बसवतात. तिच्या डोक्यावर नवा गोळा बसतो. आमच्या दांडीला सिमेंट लागत नाही. हाडानंच वाढून तिला धरायचं असतं. पण मशीनवरून उतरलेली दांडी आरशासारखी गुळगुळीत असते. तिला हाड धरत नाही. म्हणून तिच्यावर आधी बारीक, कठीण दाण्यांचा मारा करतात आणि मग तिला गरम आम्लात बुडवतात. आम्ल तिच्यावर डोळ्यांना दिसणार नाहीत असे खड्डे पाडतं. त्या खड्ड्यांत हाड शिरतं आणि घट्ट होतं.

पहिल्याच दिवशी मी तात्यांना विचारलं होतं की एवढी चकचकीत वस्तू आपण मुद्दाम खराब का करतो. ते हसले. म्हणाले, "घर बांधताना बगितलं न्हाईस का कदी? भितीला टाचे मारल्याबिगर गिलावा धरतो व्हय? हाड म्हंजी आतला गवंडी हाय. त्याला धराय जागा नको?"

आम्लाच्या खोलीत तात्यांचं राज्य होतं. अंगभर रबरी कपडे, तोंडावर काच, आणि बोलायचं नाही. ट्रे आम्लात गेला की कुणीही बोलायचं नाही, कारण तात्या मोजत असायचे. पहिली बुडी लांब, दुसरी बुडी दोन मिनिटांची. भिंतीवर घड्याळ होतं, वेळ झाली की ते वाजायचं. तरी तात्या मनात मोजायचे. मी एकदा म्हणालो, तात्या, घड्याळ आहे की. तर म्हणाले, "घड्याळाला वास येतो का?" दोन मिनिटं आम्ही सहा माणसं पुतळ्यासारखी उभी. मग तात्या ट्रे वर उचलायचे. झालं, सुटलं, बोला, असं काहीही म्हणायचे नाहीत. ट्रे वर आला की आपण श्वास सोडायचा.

आणि आता ज्याच्यासाठी मी उभा आहे, ते सांगतो.

प्रत्येक ट्रेमध्ये चोवीस दांड्या असतात आणि एक चपटी चकती असते. त्याच धातूची. दांड्यांवर जे जे होतं, ते सगळं त्या चकतीवरही होतं. तोच मारा, तेच आम्ल, तेच धुणं. कारण दांड्यांना हात लावता येत नाही. त्या माणसाच्या अंगात जाणार असतात. मग परीक्षा घ्यायची कुणाची? त्या चकतीची. धुऊन सुकवून तिच्यावर शुद्ध पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब पसरून चकतीभर झाला, तर पृष्ठभाग चांगला झाला. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर अख्खा ट्रे थांबवायचा. कागदावर त्या चकतीला कूपन म्हणतात. तात्या तिला साक्षीदार म्हणायचे. म्हणायचे, "त्यो चोवीस जणांच्या वतीनं बोलतोय. त्याचं ऐकायचं."

थेंब सोडायचे तात्या. कार्ड लिहायचो मी. माझी कार्डं फार नीट असायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माझी चूक तिथूनच निघाली म्हणून सांगतो. शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. नोटीस बोर्डावरचं चुकीचं शुद्धलेखन मी जाता येता पेनानं दुरुस्त करायचो आणि त्याबद्दल दोनदा बोलणी खाल्ली आहेत. माझ्या कार्डावर खाडाखोड नसायची. चार वर्षांत एकही नाही. तात्या चिडवायचे, "कऱ्हाटीचं कार्ड बगितलं की वाटतंय लग्नाची पत्रिकाच हाय. खाली तेवडं आहेराचं लिव."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तात्या दोन दिवस रजेवर होते, पुतणीचा साखरपुडा होता. त्यांनी मला सांगितलं, थेंब तू सोड. मला आनंद झाला होता. त्या ट्रेचा लॉट नंबर एक्केचाळीस. हा नंबर मी झोपेतही सांगेन.

ट्रे धुवायला गेला की मध्ये दहा-बारा मिनिटं मोकळी मिळतात. त्या वेळात मी कार्ड भरून ठेवायचो. सगळे रकाने. शेवटचा रकानासुद्धा. "पास." कारण चार वर्षांत ते कधी बदललंच नव्हतं. तात्यांना हे माहीत नव्हतं. माझी ती लपवलेली सोय होती.

त्या दिवशीही मी आधीच लिहिलं. सुंदर अक्षरात. मग चकती आली, आणि मी थेंब सोडला.

थेंब पसरला नाही.

उभा राहिला. गोल. त्याच्यात वरचा दिवा दिसत होता. मी वाट बघितली. तो हलला नाही. मला वाटलं, तो माझ्याकडे बघतोय.

मंडळी, करायचं काय होतं हे मला माहीत होतं. "पास" खोडायचं, "नापास" लिहायचं, कारण लिहायचं, सही करायची, साहेबांना बोलवायचं. त्यानं माझी नोकरी जाणार नव्हती. कुणी ओरडलंही नसतं. एक ट्रे थांबला असता, एवढंच. पण मला ती खाडाखोड दिसत होती. माझ्या अक्षरावर आडवी रेघ. आणि साहेब विचारणार, थेंबाच्या आधी "पास" कसं लिहिलं?

मी चकती उचलली. एकटी चकती. चिमट्यात धरून आम्लात बुडवली. मनात चाळीस मोजले, तात्यांसारखे. धुतली, सुकवली, थेंब सोडला. थेंब पसरला.

मी सही केली.

ट्रेमधल्या चोवीस दांड्या तशाच होत्या. त्यांना त्या चाळीस आकड्यांतला एकही मिळाला नव्हता. त्यांचा साक्षीदार तेवढा बदलला होता.

तेव्हापासून मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो. दांड्या चांगल्याच असतील. चकतीलाच माझ्या बोटाचं तेल लागलं असेल, हातमोज्याला भोक असेल. तसं होऊ शकतं. आजही होऊ शकतं. वाईट हेच आहे की होऊ शकतं. नक्की खराब होत्या असं कळलं असतं, तर मी तीन वर्षं गप्प बसलो नसतो, असं मला वाटतं. खरं काय ते मला माहीत नाही.

रजेवरून आल्यावर तात्यांनी कपाट उघडलं. चकत्या आम्ही पाकिटात घालून जपून ठेवतो. त्यांनी एक्केचाळीसचं पाकीट काढलं आणि चकती खिडकीपाशी नेली. बराच वेळ तिरकी धरून बघितली. दोनदा आम्लात गेलेली चकती जरा काळपट दिसते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. त्यांना होतं.

म्हणाले, "लई काळी पडलीया रं."

मी म्हणालो, उजेड कमी आहे.

ते म्हणाले, "व्हय. उजेड कमी हाय." चकती पाकिटात घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साक्षीदार पढवून आनला की कोर्टात कळतंय, कऱ्हाटी. जज्जाला न्हाय कळलं तरी समोरच्याला कळतंय." आणि थोड्या वेळानं विचारलं, "काय सांगायचं हाय का?"

मी म्हणालो, नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापर्यंत निम्म्या दांड्या कंपनीबाहेर गेल्याही होत्या.

तात्या साहेबांकडे का गेले नाहीत, हे तुम्ही मला विचाराल. मलाही माहीत नाही. इथं त्यांचा फोटो लावला आहे, हार घातला आहे, आणि मी त्यांच्या नावाला काही चिकटवायला आलेलो नाही. पण ते गप्प राहिले हे खरं आहे, आणि ते माझ्यामुळे गप्प राहिले हेही खरं आहे. माझी वाट बघत असतील. मी स्वतःहून येईन म्हणून. मी गेलो नाही.

दोन महिन्यांनी तात्या मळ्यात पाटाच्या ओल्या कडेवरून घसरले. डावा खुबा मोडला. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तुमच्यापैकीच चौघांनी त्यांना बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळा बदलावा लागेल. कंपनीला कळलं. कंपनीनं सांगितलं, आपला माणूस आहे, आपली दांडी जाईल. तेव्हा आम्हाला सगळ्यांना अभिमान वाटला होता. मीही भेटायला गेलो होतो. तात्या पलंगावरून म्हणाले, "आता मी बी तुमचा माल झालो. पालटून मिळत न्हाय." सगळे हसले. मीही हसलो.

ते कामावर परत आले, हातात काठी घेऊन. आम्लाच्या खोलीबाहेर लांब बोळ आहे. मी आत कपडे बदलत असताना मला त्यांची चाल ऐकू यायची. काठी, उजवा पाय, मग डावा. काठी, उजवा, डावा. रोज मी तो डावा पाय ऐकायचो. ओढतोय का. अडतोय का. आणि रोज विचारायचो, तात्या, दुखतंय का?

ते म्हणायचे, "न्हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुखतंय का? "न्हाय." एकदा वैतागून म्हणाले, "माझ्या पायाचा येवडा घोर माझ्या बायकूला न्हाय. तुला काय पायजेल हाय नेमकं?" मी म्हणालो, काही नाही, सहज. तरी पुढच्या दिवशी विचारलं. त्यांनी उत्तर देणं एकदाही टाळलं नाही. आज मला ते कळतं. मी काळजी म्हणून विचारतोय, असं त्यांना वाटत नव्हतं. मी का विचारतोय हे त्यांना माहीत होतं, आणि ते साक्ष दिल्यासारखं उत्तर देत होते.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी विचारलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "उठल्यावर पयली धा पावलं जड जात्यात. मांडीत दुखतंय. मग बरं वाटतंय."

मी म्हणालो, थंडीमुळे असेल.

"आसंल," म्हणाले.

उठल्यावरची पहिली पावलं. मांडीत दुखणं. दांडी हाडात सैल असली, तर नेमकं असंच दुखू शकतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते गेल्यावर वाचलं. दुसऱ्या कशानंही तसं दुखू शकतं, हेही त्याच पानावर लिहिलेलं होतं.

अकरा दिवसांनी तात्या गेले. हृदयानं गेले, खुब्यानं नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे, आणि कुणी दुसरं काही समजू नये म्हणून मी मुद्दाम सांगतो.

रक्षा गोळा करायच्या दिवशी तात्यांच्या घरच्या प्रवीणदादांचा मला फोन आला. राखेत एक दांडा सापडलाय, तुमच्यातलाच दिसतोय, काय करायचं? मी आलो. तिथं चर्चा चालली होती. कुणी म्हणत होतं, लोखंडच आहे, बाजूला टाका. कुणी म्हणत होतं, अस्थीबरोबर कसं ठेवायचं, ती काय अस्थी आहे का? काकू एकच वाक्य बोलल्या. "त्यांच्या अंगात व्हतं, त्यांच्यासंगंच जाईल." विषय संपला.

प्रवीणदादांनी ती माझ्या हातात दिली. सात वर्षांत मी टायटॅनियमची तयार दांडी उघड्या हातानं धरलेली नव्हती. आगीनं ती निळी-जांभळी झाली होती. मानेवर कोरलेला लॉट नंबर तसाच होता. राख पुसायच्या आधीच मला तो वाचता आला.

एक्केचाळीस.

आणि खाली, जिथं आम्ही तिला खडबडीत करतो, तिथं हाड होतं. जळालेलं, पांढरं, चुन्यासारखं, पण चिकटलेलं. मी बोट लावलं तरी सुटलं नाही. हाडानं तिला धरलं होतं. मला रडू आलं. प्रवीणदादांना वाटलं, मी तात्यांसाठी रडतोय.

मग मी ती फिरवली. आतल्या बाजूला अंगठ्याएवढी जागा मोकळी होती. तिथं काहीच नव्हतं. नुसता निळा धातू.

ते हाड आगीत गळून पडलं? की तिथं ते कधी धरलंच नव्हतं? हे मला माहीत नाही. तेव्हापासून डोळे मिटले की ती मोकळी जागा दिसते. सकाळी बोळात काठी ऐकू येते. मी उठतो तेव्हा माझी स्वतःची पहिली दहा पावलं मोजतो. कशाला मोजतो, माझा खुबा तर चांगला आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी काकूंना विचारलं, दवाखान्याची फाईल आहे का? त्यांनी काढून दिली. दांडीच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर लॉट नंबर असतो. तात्यांनी ती फाईलच्या आतल्या बाजूला लावली होती. तिच्याखाली त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं. महिन्यामागून महिना. "न्हाय." "न्हाय." "न्हाय." पान भरून. आणि सगळ्यात खाली, "पयली धा पावलं."

मी काकूंना विचारलं, हा नंबर त्यांना कसा मिळाला, योगायोगानं? काकू म्हणाल्या, "योगायोग कसला? आपरेशनच्या आदल्या दिवशी पलंगावनं त्यांनीच फोन लावला की. म्हनले, माझ्या मापाची एक्केचाळीसमधली हाय का बगा. तीच धाडा. मी म्हनलं, नंबर बगून काय चपला घ्यायच्यात का? तर म्हनले, त्या लॉटाचा साक्षीदार गेलाय."

काकूंना त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. आत्तापर्यंत कळला नव्हता. काकू, आता मी तो सांगितला.

ट्रेचा साक्षीदार मी बिघडवला. तात्यांनी त्याच्या जागी स्वतःला ठेवलं. चोवीस जणांच्या वतीनं बोलायला. मी रोज विचारत राहिलो आणि ते रोज बोलत राहिले, आणि शेवटी जेव्हा त्यांनी वेगळं उत्तर दिलं, तेव्हा मी म्हणालो, थंडीमुळे असेल.

त्या लॉटमधल्या तीन दांड्या अजून आमच्या स्टोअरमध्ये आहेत. एक इथं फडक्यात आहे. उरली वीस माणसं. ती कुठंतरी चालत आहेत. सकाळी उठत आहेत. त्यांची पहिली दहा पावलं कशी जातात, हे त्यांना कुणी विचारत नाही.

काल मी क्वालिटीच्या मॅडमना लेखी दिलं. त्या आज इथं आल्या आहेत, मागे बसल्या आहेत. त्यात मी सगळं लिहिलं, पण तात्यांना चकती बघून कळलं होतं, एवढं लिहिलं नव्हतं. आज बोललो. मॅडम, ते वाक्य मी उद्या वाढवून देईन. मूळ कागदावरच, खाली, खाडाखोड करून. मला सोमवारी साहेबांनी बोलावलं आहे. काय होईल ते होईल. त्या तीन दांड्या कालच सील झाल्या, आणि वीस जणांच्या दवाखान्यांना कळवायचं काम सुरू झालं आहे. ते माझ्या हातात नाही.

माझ्या हातात एकच गोष्ट आहे, आणि ती माझीही नाही. मॅडमना मी विचारलं, तात्यांची दांडी मिळाली तर काही कळेल का? त्या म्हणाल्या, कापावी लागेल, मोठ्या दुर्बिणीखाली बघावी लागेल, आगीतून गेलेली आहे, कदाचित कळेल आणि कदाचित नाही. त्यांनी मला खोटी आशा दिली नाही. मीही काकूंना देत नाही.

काकू, मी चारचौघांत सांगितलं. आता मागतो. उद्या ती खड्ड्यात गेली तर तात्यांबरोबर जाईल, आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती त्यांच्या अंगातली आहे, तिच्यावर त्यांचं हाड आहे. मी तुमच्या माणसाचं हाड कापायला मागतोय, हे मला कळतं. परत येईल ती तुकड्यांत येईल. जेवढी येईल तेवढी मी स्वतः आणून पिंपळाखाली ठेवीन. नाही म्हणालात, तर मी काही बोलणार नाही. तुम्हाला तो हक्क आहे. मला मागायचाही हक्क आहे की नाही, मला माहीत नाही. पण तात्यांनी त्या दांडीला साक्षीदार केलं होतं, आणि तिची साक्ष अजून पूर्ण व्हायची आहे.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. आमच्या कंपनीच्या माणसांना सांगायला नको. दुसरी बुडी दोन मिनिटांची. कसं उभं राहायचं, हे त्यांना तात्यांनीच शिकवलं आहे. कुणी घड्याळ बघू नका. मी मोजतो.

दोन मिनिटं झाली की मी "बसा" म्हणणार नाही. तात्याही काही म्हणत नव्हते. ते फक्त ट्रे वर उचलायचे. काकू, आज ते फडकं उचलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फडकं तिथंच राहिलं, तरी आम्ही सगळे खाली बसू.

तात्या, तुम्ही खिडकीपाशी मला विचारलं होतं, काय सांगायचं हाय का.

हाय, तात्या. सांगितलं.

जय भीम.

सर्वांनी उभं राहावं.